निळं कापड हातात धर

ऋषीनगर, उज्जैन
श्रावण, मंगळवार

प्रिय मृणाल,

पाकीट जाड आहे म्हणून घाबरू नकोस, ईरा खुशाल आहे. आत एक कापड आहे, त्याची घडी आधी उलगडू नकोस. आधी पत्र वाच, शेवटपर्यंत. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण तू दुसऱ्या वाक्याला "जयू, थांब" म्हणतेस आणि मग मी थांबते. कागदावर मला कुणी थांबवत नाही. पुण्याला तुझ्या आईकडे स्पीड पोस्टानं गुरुवारपर्यंत पोचेल असं पोस्टातला माणूस म्हणाला, म्हणजे गुरुवारी रात्रीच्या गाडीत बसण्याआधी तुझ्या हातात पडेल.

तर पहिली गोष्ट ही, की मी तुला दिलेला शब्द मोडला. आज नाही, पाच आठवड्यांपूर्वीच. तू रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर विचारायचीस, "आज भैरवगढला कोण गेलं होतं तिच्याबरोबर?" आणि मी हसून सांगायचे, "मीच की, आत्ताच आलो दोघी." खोटं बोलत होते. शाळेत एकोणतीस वर्षं मुलींना खोटं बोलण्याबद्दल बाकावर उभं केलं, आणि साठाव्या वर्षी हे! ईरा रोज एकटी जाते आणि एकटी येते. आपल्या मोबाइलवरून गाडी बोलावते, गाडीत बसते, उतरते. काहीही झालेलं नाही तिला. उलट बरंच काही झालं, तेच सांगायला बसले आहे.

तुझी भीती मला कळत नाही असं समजू नकोस. ती चार वर्षांची असताना मेंदूज्वरानं दोन्ही कान गेले, तेव्हा विक्रांतनं मला उट्रेक्टला बोलावून घेतलं होतं, आठवतं? मी भाऊ-भावजयीला धीर द्यायला आले आणि दोन महिने तुझ्या स्वयंपाकघरात नुसती रडले. कानामागे ते यंत्र बसवल्यावर डॉक्टर म्हणाले, मुलीशी एकच भाषा बोला, दोन भाषांत गोंधळेल. त्या दिवसापासून तू तिच्याशी डच बोलायला लागलीस. तू, जी माधवनगरच्या शाळेत मराठीच्या पेपरात माझ्याहून नेहमी दोन मार्क जास्त घ्यायचीस. तीनच शब्द तुझ्याकडून सुटले नाहीत. ती रात्री दचकून उठली की तिचा चेहरा आपल्याकडे वळवून तू म्हणायचीस, "मी आहे ना." ईराला ते ओठांवरून कळायचं. तिला अजून आठवतं, मी विचारलं.

आणि तेवीस वर्षांच्या ह्याच मुलीनं जाहीर केलं, की आपल्याला उज्जैनला जाऊन भेरूगढची, म्हणजे आपल्या भैरवगढची, कापडावरची छपाई शिकायची आहे, दिवाळीपर्यंत राहायचं आहे. तू म्हणालीस, सहा आठवडे, आणि एक क्षण एकटी नाही. सहा आठवड्यांनी मी येऊन घेऊन जाईन. बंद खोलीत समोर बसलेल्या माणसाचं तिला ऐकू येतं, पण रस्त्यावरच्या भोंग्यांत काही नाही, फोनवर तर काहीच नाही. शिवाय हिंदी येत नाही, मराठी येत नाही, पासपोर्ट परका. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "अगं मी आहे ना!" तुझंच वाक्य तुलाच दिलं.

पहिला आठवडा आम्ही तिला अक्षरशः ओवाळत फिरवलं. आमचे श्रीपाद बँकेतून रिटायर झाल्यापासून कुठलं तरी काम शोधतच होते, त्यांना हे काम मिळालं. सकाळी स्कूटरवर भैरवगढला पोचवायचं, दुपारी घ्यायला जायचं. मध्ये मी डबा घेऊन हजर. आपल्या तात्यांची मुलगी ना मी! पाहुणा येणार म्हटलं की तात्या एक तास आधी प्लॅटफॉर्मवर उभे. आपल्या घरचा पाहुणा स्टेशनातून एकटा बाहेर पडला असं कधी झालं नाही, आणि परत जाताना गाडी हलेपर्यंत खिडकीचा गज सोडायचा नाही. मला वाटायचं, ह्यालाच प्रेम म्हणतात. आठव्या दिवशी ईरानं मोबाइलवर लिहून माझ्यासमोर धरलं: आत्या, मी पार्सल नाही.

मग तिनं ते गाडी बोलवायचं ॲप घेतलं. तिकडे रोज वापरते, त्यामुळे तिला वाटलं दोन मिनिटांचं काम. पण तिच्या परदेशी नंबरावर कोड येईना, तिचं कार्ड ॲप घेईना. रोख देईन म्हणाली, पण नंबर तर हवा. मी लगेच पुढे झाले. माझ्याकडे शाळेच्या काळातला दुसरा मोबाइल पडून होता, त्याचा नंबर घाल म्हटलं. कोड त्याच्यावर आला, मी वाचून दाखवला, ॲप चालू. काय मोठं काम केलं असं वाटलं मला!

आता आपल्याकडे काय होतं तुला माहीत आहे. नकाशावर ठिपका टाकून गाडी बोलवा, ड्रायव्हर ठिपक्याकडे बघतही नाही, सरळ फोन करतो: "हाँ जी, कहाँ आना है?" आणि नंबर माझा. म्हणजे फोन मला. पहिल्याच दिवशी ईरा फाटकाबाहेर उभी, आणि मी स्वयंपाकघरात त्या रिक्षावाल्याला सांगतेय, "भैया, बच्ची है हमारी, विदेश से आई है, सुन नहीं पाती. संभाल के ले जाना. बिल्कुल दरवाज़े तक छोड़ना, अकेली मत छोड़ना." तो भला माणूस, कैलाश नाव त्याचं. म्हणाला, "आंटीजी, आप टेंशन मत लो, अपनी बच्ची समझो." श्रीपाद स्कूटर काढून हेल्मेट घालून मागोमाग निघाले, ते कशासाठी ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

कैलाशनं माझा शब्द इतका पाळला की विचारू नकोस. बारा-पंधराच्या वेगानं रिक्षा नेली. भैरवगढ आल्यावर विदेशी मुलगी म्हणजे काळभैरवालाच जाणार, असं ठरवून तिला देवळाशी नेलं. ती मान हलवतेय, मोबाइलवरचा नकाशा दाखवतेय, आणि हा हात जोडून खुणेनं सांगतोय, आधी दर्शन, मग बाकी. एकटी सोडायची नाही म्हणून रांगेत तिच्यामागे उभा राहिला. बाहेर आल्यावर प्रसाद घेऊन दिला. कारखान्यात पोचली तेव्हा साडेअकरा. शकीला आपा, ज्या तिला शिकवतात, त्यांनी दहाची वेळ दिली होती. निळा रंग घोटून तयार, आणि शिकणारीच नाही. आपांनी सांगितलं, रंग कुणासाठी थांबत नाही. अजून दोनदा उशीर झाला तर मी शिकवणार नाही. आणि हो, सकाळी जाताना सिग्नलला ईरानं मागे वळून हेल्मेटातल्या श्रीपादना हात केला. त्यांना अजून वाटतं, तिनं ओळखलं नसावं.

संध्याकाळी ती रडली नाही, हे तुला सांगायलाच हवं. माझ्यासमोर बसली, माझं तोंड आपल्याकडे वळवलं आणि अगदी सावकाश इंग्लिशमध्ये म्हणाली, की आत्या, मी त्याला माझं नाव सांगायच्या आधी तू त्याला माझे कान सांगितलेस. बस, एवढंच. मृणाल, मला रात्रभर ते वाक्य टोचत राहिलं. अति तिथे माती म्हणतात ते मी मुलींना किती वेळा फळ्यावर लिहून दिलंय, पण ती माती आपल्याच हातानं कालवतो तेव्हा कळत नाही. काही लोक मुलीचा हात सोडून देतात ते वाईट. आम्ही इतका घट्ट धरला होता की तिला तो हलवता येईना.

दुसऱ्या दिवसापासून मी बाजूला झाले. झाले म्हणजे काय, पदर दातात धरून बसले. पासपोर्ट, व्हिसा, फोटो घेऊन तीन खेपा घातल्यावर तिच्या स्वतःच्या नावाचं सिमकार्ड मिळालं. मग फोन तिला यायला लागले. तिला ऐकू येत नाही, ती उचलत नाही, ड्रायव्हर वैतागून राइड रद्द करतो. एका सकाळी सहा गाड्या गेल्या. मी खिडकीच्या पडद्याआड उभी. पाच पावलांवर मी, तोंड उघडलं असतं तर काम झालं असतं. नाही उघडलं. त्या दिवशी ती दहाला तीन मिनिटं असताना आपांच्या दारात धावत पोचली.

मग तिनं ड्रायव्हरना आधीच मेसेज पाठवायला सुरुवात केली. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं होतं: कृपया दूरभाष न करें, मैं श्रवण बाधित हूँ, निर्धारित स्थान पर उपस्थित हूँ. ते वाचून ड्रायव्हरला वाटायचं कोर्टाची नोटीस आली. पुन्हा रद्द. तेव्हा ती माझ्याकडे आली. स्वतःहून आली, आणि विचारलं की इथली माणसं हे कसं म्हणतील? मृणाल, एकोणतीस वर्षं शिकवलं, पण कुणी असं विचारलं नव्हतं. मी लिहून दिलं: भैया, फोन पर सुन नहीं पाती, मैसेज कर दो. नीम के नीचे खड़ी हूँ, आटा चक्की के सामने. आपल्याकडे पत्ता नसतो गं, समोर असतं. बँकेच्या समोर, चक्कीच्या बाजूला, पाण्याच्या टाकीच्या मागे. तिला हे इतकं आवडलं की ती एक वही घेऊन सगळं शहर असं काढत सुटली. कुठली रसवंती कुठल्या कोपऱ्यावर, कुठल्या दुकानाची पाटी पिवळी. जन्म इथे गेला माझा, पण देवासगेटजवळच्या गल्लीत चार चप्पलवाले ओळीनं आहेत हे मला तिच्या वहीतून कळलं. पाट्या वाचता याव्यात म्हणून रोज संध्याकाळी श्रीपाद तिला देवनागरी आणि थोडं मराठी शिकवायला लागले. पाठलागापेक्षा हे बरं काम मिळालं त्यांना.

तरी एक अडचण राहिलीच. काही ड्रायव्हरना वाचता येत नाही. आणि भैरवगढच्या बाजारात परत येताना इतकी माणसं, की कोण कुठल्या गाडीचा प्रवासी ते कळत नाही. त्यावर तिनं काय काढलं सांगू? तिनं स्वतः छापलेलं पहिलं कापड होतं, हातभर, गडद निळं, त्यावर आंब्याच्या कोयऱ्यांची ओळ. ठप्पा दोनदा सरकलाय, एक कोयरी उलटी पडली आहे. शकीला आपांनी बघून कपाळाला हात लावला, म्हणाल्या, "ये तो पोंछा बनेगा." ईरानं ते पोतेरं होऊ दिलं नाही. गाडी जवळ आली की ते दोन्ही हातांत उंच धरून उभी राहते, आणि ज्याला वाचता येत नाही त्याला त्या कापडाचा फोटो पाठवते. आता त्या भागातल्या रिक्षावाल्यांत तिचं नाव नीले कपड़े वाली दीदी. बहिरी नाही, विदेशी नाही, नीले कपड़े वाली. आणि कैलाश, तोच, त्यानं सगळ्यांना सांगून ठेवलंय की दीदीला फोन करायचा नाही, मेसेज करायचा, आणि दहाच्या आत पोचवायचं. एक आठवडा झाला, ती आपांच्या आधी कारखान्यात हजर असते.

अभिमान वाटायला एवढं पुरे होतं मला. पण खरी गोष्ट गेल्या सोमवारची आहे. महाकाळाची सवारी होती. मी दरवर्षी गोपाळ मंदिराजवळ उभी राहून बघते हे तुला माहीतच आहे, आपण दोघी जायचो. श्रीपाद इंदूरला गेले होते, मी एकटीच गेले. पालखी गेली, आणि गर्दीत पायरी चुकून माझा गुडघा असा मुरगळला की पाय टेकवेना. एका भांड्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसले. रस्ते बंद, बॅरिकेड लागलेले, श्रीपादना फोन लागेना. मी माझ्या मोबाइलवरून गाडी बोलवायचा प्रयत्न केला. हो, मीही शिकले होते. चार जणांनी रद्द केली. डोळ्यांत पाणी आलं. कुणाला सांगू? शेवटी ईराला मेसेज केला, तोही तिला सांगावं म्हणून, की उशीर होईल, काळजी करू नकोस.

तिचं उत्तर आलं: तुझ्या समोर काय दिसतंय? मी लिहिलं, गर्दी. तिनं लिहिलं, गर्दी ही खूण नाही, नीट बघ. बघ हिला! मग मी डोळे पुसून बघितलं आणि लिहिलं, पितळेची मोठी घंटा टांगलेलं दुकान. दोन मिनिटांनी मेसेज: त्याच्या डाव्या हाताला बोळ आहे, दुकानदाराचा हात धर, बोळ संपतो तिथे रसवंती आहे, तिथे बॅरिकेड नाही, बसून राहा. मी चाळीस वेळा त्या दुकानावरून गेले असेन, तो बोळ मला माहीत नव्हता. दुकानदारानं धरून नेलं. उसाच्या रसवंतीच्या बाकावर टेकते तोच कैलाशची रिक्षा. "आंटीजी, बैठो. दीदी ने भेजा है, ओटीपी भी दीदी ने बता दिया." मी म्हटलं, इतक्या बायकांत तू मला ओळखलंस कसं रे? तर हसायला लागला. म्हणाला, "दीदी ने लिखा था, हरी साड़ी, और गुस्से में होंगी."

घरी आले तेव्हा ईरा माझ्या आधी भैरवगढहून पोचून फाटकात उभी. तिनं मला धरून आत आणलं, पाय उशीवर ठेवला, बर्फ लावला. मी तिला म्हटलं, तू होतीस म्हणून आले गं. तिला ऐकू आलं की नाही कोण जाणे, मी रडत होते आणि माझं तोंड दुसरीकडे होतं. ह्या मुलीची मी आत्या आहे, हे मला त्या संध्याकाळी सगळ्या गल्लीला ओरडून सांगावंसं वाटलं. सांगितलंही, निम्म्या गल्लीला. बाकी निम्म्यांना कैलाशनं सांगितलं होतं.

आता मी हे का लिहितेय ते ऐक. तू शुक्रवारी सकाळी येतेस, परतीची दोन तिकिटं काढून. ईराला दिवाळीपर्यंत राहायचं आहे, आपांनी आता तिला रंग स्वतः कालवायला दिला आहे, जो त्या कुणाला चार महिन्यांआधी देत नाहीत. नेणं-ठेवणं तुझ्या हातात आहे, तू आई आहेस, मी आग्रह करणार नाही. फक्त एक सांगते. शुक्रवारी स्टेशनवर तुला घ्यायला कुणी येणार नाही. मी नाही, श्रीपाद नाहीत, ईराही नाही. तिला दहाला कारखान्यात पोचायचंय. तात्यांच्या घरात हे पहिल्यांदाच होतंय आणि मी मुद्दाम होऊ देतेय. विक्रांतला मी कळवलंय, तो म्हणाला, मृणाल रागावेल. रागाव. पण गाडीतून उतरल्यावर देवासगेटच्या बाजूनं बाहेर ये, चहाच्या टपरीसमोर पिंपळ आहे, त्याच्याखाली उभी राहा. तुझ्यासाठी गाडी येईल. कुणी बोलावली असेल ते तुला कळलंच असेल. त्या गाडीत घरापर्यंत बस, आणि दोन तिकिटांचं काय करायचं ते घरी पोचल्यावर ठरव, त्याआधी नको. आता घडी उलगड. खाली चार ओळी तिच्या आहेत. श्रीपादनी हात लावलेला नाही, मीही नाही.

तुझी नणंद नंतर झालेली, मैत्रीण आधीची,
तुझीच
जयू

आई,
निळं कापड हातात धर. उंच धर.
फोन वाजला तर उचलू नकोस, मी मेसेज करते.
घाबरू नकोस. मी आहे ना.
ईरा